वागळे इस्टेटमधलं येझडीचं गॅरेज आणि शनिवार रात्रीचं स्पीडवे

आधी गॅरेजचं सांगते मग स्पीडवेचं (मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यती), म्हणजे ज्यांना फक्त गाडी दुरुस्त करून हवीय त्यांना अर्ध्यात थांबता येईल. गॅरेजचं नाव लिहीत नाहीये कारण गॅरेजवाल्या काकांनीच सांगितलंय की नाव टाकू नको पोरी, आहेत तेवढ्या गाड्या उरकत नाहीत. ठाण्यात जुनी जावा किंवा येझडी असलेल्या कुणालाही विचारा, वागळे इस्टेटमध्ये पासपोर्ट ऑफिसच्या अलीकडे कोण आहे, लगेच सांगतील. बाहेर पाटी नाही. निळं शटर, दारात टाक्या काढलेल्या चारपाच येझडी आणि आत रेडिओ.

माझी येझडी रोडकिंग आहे, आठ वर्षं माझ्याकडे आहे, पाचपाखाडी ते ऐरोली ऑफिसला आठवड्यातून दोनदा तरी तिच्यावरच जाते. गेल्या पावसाळ्यानंतर तिने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी एका किकमध्ये चालू, पण कळवा नाक्याला सिग्नलला थांबले की बंद, आणि गार होईपर्यंत काही केल्या चालू होत नाही, शिवाय मागे पांढरा धूर इतका की रिक्षावाले शिव्या घालत पुढे जायचे. आधी ज्याच्याकडे दाखवली त्याने प्लग बदलला, मग कॉईल बदलली, मग कार्ब्युरेटर साफ केला, प्रत्येक वेळी पैसे घेतले आणि गाडी तिथल्या तिथेच. वर मी समोर उभी असताना सगळं सांगायचा माझ्या नवऱ्याला, ज्याला येझडी चालवता येत नाही.

काकांनी काय केलं ते लिहिते. गाडी स्टँडवर लावली, चालू केली, आणि दहा मिनिटं नुसती चालू ठेवून बाजूला स्टुलावर बसून ऐकत राहिले. गरम होऊन बंद पडली तेव्हाच उठले. म्हणाले हे दोन वेगळे आजार आहेत, तू एकच समजतेयस. गरम झाली की बंद पडते तो कंडेन्सर, गार असताना चांगला वागतो, तापला की स्पार्क देत नाही. आणि पांढरा धूर म्हणजे क्रँकचं ऑईल सील गेलंय, इंजिन क्लचच्या बाजूचं ऑईल आत ओढून जाळतंय, म्हणून तुला ऑईलही सारखं कमी दिसत असणार. दिसतच होतं! आधीच्याला मी ते सांगितलंही होतं, त्याने ऐकून सोडून दिलं होतं.

कंडेन्सर त्याच दिवशी बदलला. सीलसाठी इंजिन उघडावं लागलं, उघडल्यावर क्लच प्लेटा पण जळालेल्या निघाल्या, त्याचा फोटो मला पाठवला आणि फोन करून विचारलं की करायच्या का, परस्पर करून बिलात टाकल्या नाहीत. शेवटी बिल आलं ते वहीच्या कागदावर हाताने लिहिलेलं, एकेक वस्तू वेगळी, मजुरी वेगळी, आणि काढलेले सगळे जुने पार्ट पिशवीत घालून परत. काळवंडलेलं सील हातात घेऊन बघितलं तेव्हा मला माझ्या गाडीचं इंजिन पहिल्यांदा समजलं असं वाटलं.

आता क्लच प्लेटा का जळाल्या, तिथून स्पीडवे सुरू झालं.

काकांनी विचारलं घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धा दाबून धरतेस ना. म्हटलं हो. ते काही बोलले नाहीत, मोबाईल काढला आणि एक व्हिडिओ लावला, चार माणसं चार गाड्यांवर एका ओळीत, समोर पट्ट्या ताणलेल्या, पट्ट्या वर उडाल्या आणि चौघं सुटले. काका म्हणाले फक्त डावा हात बघ. परत लावला. परत. पाचव्यांदा मला दिसलं, जो पुढे गेला त्याने क्लच एकदम फेकला नव्हता आणि धरूनही ठेवला नव्हता, अगदी किंचित घसरू दिला आणि त्याच वेळी छाती हँडलवर टाकली म्हणजे पुढचं चाक उचललं जाणार नाही. बाजूच्याचं चाक उचललं गेलं आणि तो तिथेच संपला. काका म्हणाले, यांच्या गाडीला एकच गिअर, सुटल्यानंतर क्लचचं काही कामच नाही, पूर्ण शर्यतीत क्लचचा एकच क्षण, आणि त्या एका क्षणासाठी ही माणसं आयुष्यभर सराव करतात, आणि तू तो कळव्याच्या पुलावर वीस मिनिटं जाळतेस. मला हे इतकं लागलं की मी त्या दिवसापासून सिग्नलला न्यूट्रल करते. एका रायडरचा हात दाखवून क्लच शिकवणारा मेकॅनिक मला तरी दुसरा माहीत नाही.

ज्यांना स्पीडवे माहीतच नाही त्यांच्यासाठी, मलाही दीड वर्षापूर्वी माहीत नव्हतं. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे वळणं फक्त डावीकडे. एक शर्यत साधारण एका मिनिटात संपते, त्याला हीट म्हणतात. पहिल्याला ३ पॉईंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. गाडी ५०० सीसी, एकच सिलेंडर, पेट्रोल नाही तर मिथेनॉलवर, वजन कमीत कमी ७७ किलो लागतं, म्हणजे माझ्या रोडकिंगच्या जवळपास निम्मं. आणि ब्रेक नाहीत! पुढे नाही, मागे नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वेडेपणा वाटला, मग काकांनी सांगितलं की चौघं एकमेकांना खेटून वळणात आडवे जात असताना एकाने जरी ब्रेक मारला तर मागचा त्याच्या अंगावर, म्हणून नसणंच बरं. वळण घ्यायचं ते मागचं चाक जोरात फिरवून बाहेर सरकवायचं, हँडल उलटं उजवीकडे, डावा पाय मातीवर टेकवलेला, त्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधलेला असतो. वेग वाढवूनच वळायचं असतं. मनगटाला एक दोरी बांधलेली असते, रायडर पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद.

काका मूळचे सांगलीकडचे, लहानपणी तालमीत होते, त्यामुळे त्यांचं लक्ष आधी मातीकडे जातं. दर चार हीटनंतर ट्रॅक्टर येऊन ट्रॅक सारखा करतात, पाणी मारतात, तेव्हा गॅरेजमध्ये शर्यत बघणारे बाकी सगळे चहाला उठतात आणि काका पडद्याजवळ सरकून बसतात. म्हणतात आखाड्याची माती जशी ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळतात तशीच हीपण मळलेली माती आहे, कोरडी पडली की धूळ आणि जास्त भिजली की चिखल, दोन्हीत खेळ मेला. २०१५ ला वॉर्सॉच्या मोठ्या स्टेडियममध्ये तेच झालं, तात्पुरता ट्रॅक टाकला होता, तो टिकला नाही, स्टार्टची यंत्रणा पण बिघडली आणि १२ हीटनंतर कार्यक्रम थांबवावा लागला, आणि ती टोमाश गोलोब या पोलंडच्या चॅम्पियन रायडरच्या निरोपाची रात्र होती. काका हे सांगताना अजून चिडतात.

तर आता शनिवार. सीझनमध्ये ज्या शनिवारी ग्रां प्री, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपचा एक राऊंड असतो त्या रात्री दहानंतर गॅरेजमध्ये मधली जागा रिकामी करतात, आतल्या भिंतीवर प्रोजेक्टर, प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडतात म्हणून काहीजण गाड्यांच्या सीटवर, शटर अर्धं खाली. युरोपात संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतात आणि त्या वेळी वागळे इस्टेट सुनसान असते, कुणाला त्रास नाही. सबस्क्रिप्शनची वर्गणी काढतो, डब्यात टाकायची. काकू थालीपीठं पाठवतात, लोणी वेगळ्या डब्यात. सीझन नसेल तेव्हा जुन्या शर्यती लावतात आणि मला खरं सांगायचं तर त्याच जास्त आवडतात कारण तेव्हा लोक मनमोकळं बोलतात.

हे सगळं सुरू केलं ते आमच्यातल्या एका दादाने, आयटीत आहे, दोन वर्षं पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला प्रोजेक्टवर होता. तिथे ऑफिसातल्या लोकांनी मॅचला नेलं आणि तो कायमचा अडकला. तो होता तेव्हा इंग्लंडचा टाय वॉफिंडन व्रोत्स्वाफकडून चालवायचा. परत आला तेव्हा सामानात एक छापील कार्यक्रमपत्रिका होती ज्यात तिथले लोक प्रत्येक हीटचे पॉईंट पेनाने भरतात, आज्या सुद्धा भरतात म्हणे. आमच्याकडे त्याची वही झाली. लाल, निळं, पांढरं, पिवळं, चार हेल्मेटचे चार रंग, पांढऱ्यासाठी पेन्सिल. आणि त्या तक्त्याची गंमत मला हिशोबाची आवड असल्यामुळे फार भारी वाटते, १६ रायडर, २० हीट, प्रत्येकाला ५ शर्यती आणि प्रत्येकात समोर ३ जण, म्हणजे ५ गुणिले ३ बरोबर १५, प्रत्येक जण प्रत्येकाला बरोबर एकदा भेटतो. कुणी कुणाला टाळू शकत नाही.

वहीच्या मागच्या पानावर एक वाद चालू आहे तो संपतच नाही. सहा वर्ल्ड टायटलं तिघांची. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर (आडनाव आम्ही बरेच दिवस स्पेलिंग बघून मॉगर म्हणायचो, ते मेजर असं म्हणतात हे दादाने सुधारलं), स्वीडनचा टोनी रिकार्डसन आणि पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक, जो २०२५ ला सहाव्यावर पोचला. आता मोठा कोण?

मेजरवाल्यांचं म्हणणं, त्याच्या काळी वर्ल्ड फायनल म्हणजे एकच रात्र. वर्षभर पात्रता फेऱ्या करत या आणि त्या एका रात्री पाच हीटमध्ये काय ते दाखवा, गाडी बंद पडली तर वर्ष गेलं. अशा रात्री त्याने सहा वेळा जिंकल्या, १९६८, ६९, ७० ओळीने तीन, मग १९७२, १९७७ आणि १९७९. ओळीने तिसरं जिंकलं ते व्रोत्स्वाफला, आमच्या दादाच्याच स्टेडियममध्ये, आणि दोन अमेरिकन चाहत्यांनी शब्द दिला होता की तिसरं जिंकलास तर तुझी गाडी सोन्याने मढवून देऊ, आणि दिली खरंच! पण काका गॅरेजमधल्या पोरांना सोन्याची गोष्ट सांगत नाहीत, ते आधीचं सांगतात. हा मुलगा १७ वर्षांचा असताना १९५७ ला बायकोला घेऊन इंग्लंडला गेला, विम्बल्डनच्या स्पीडवे ट्रॅकवर पडेल ते काम केलं, जमलं नाही, परत घरी गेला, आणि १९६३ ला पुन्हा आला. पहिलं टायटल त्यानंतर पाच वर्षांनी. गॅरेजमध्ये नवीन आलेला जो मुलगा आहे त्याला ही गोष्ट पाठ आहे, कार्ब्युरेटर धुताना स्वतःच सांगतो.

रिकार्डसनवाले म्हणतात की या तिघांत दोन्ही जमान्यांत जिंकलेला तो एकटा. १९९४ ला डेन्मार्कमध्ये वॉयेन्सला शेवटची एका रात्रीची फायनल झाली ती त्याची, १९९५ पासून ग्रां प्री सुरू झाली तर त्यातही पाच, १९९८, १९९९, २००१, २००२, २००५. दोन वेगळ्या परीक्षा, दोन्हीत पहिला. काका या पार्टीतले. त्यांचा मुख्य पुरावा म्हणजे कार्डिफ २००५, रिकार्डसन वळणात इतका बाहेर गेला की कडेच्या हवेच्या कुंपणाला चाक लागलं आणि तरी त्याने थ्रॉटल सोडला नाही, कुंपणावरूनच चालवत बाहेर आला. हा व्हिडिओ आम्ही किमान चाळीस वेळा बघितलाय. काका प्रत्येक वेळी त्याच जागी मांडीवर थाप मारतात.

झ्मार्झलिकची बाजू तरुण मुलं घेतात आणि मलाही ती खोटी वाटत नाही. २०१९, २०, २२, २३, २४, २५. मधलं २०२१ फक्त अर्तेम लागुताने घेतलं. २०२३ ला सीझनच्या शेवटाकडे वॉयेन्सला क्वालिफाईंगमध्ये चुकीचा रेस सूट घातला म्हणून त्याला ती ग्रां प्रीच चालवू दिली नाही, जवळजवळ खिशात असलेलं टायटल एका कपड्यावरून लटकलं. त्या रात्री गॅरेजमध्ये जी भांडणं झाली ती विचारू नका, नियम म्हणजे नियम विरुद्ध हा कसला नियम. पुढच्या राऊंडला तोरुनला जाऊन त्याने ते जिंकलंच. आणि २०२५ तर काय सांगू, ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडी कुर्ट्झ ओळीने पाच राऊंड जिंकत शेवटपर्यंत मागे लागला आणि झ्मार्झलिक वाचला तो एका पॉईंटने. एक पॉईंट म्हणजे कुठल्यातरी महिन्यात कुठल्यातरी रात्री एक जागा वर की एक जागा खाली एवढाच फरक! आमच्या वहीत तो सगळा सीझन भरलेला आहे, दादाने नंतर तासभर मागची पानं उलटून तो पॉईंट शोधायचा प्रयत्न केला. मी पण त्याच्या शेजारी बसून होते.

माझा माणूस मात्र या तिघांत नाही. माझा गोलोब. पोलंडमध्ये ज्या खेळाला एवढी गर्दी होते त्या देशाकडे १९७३ नंतर टायटलच नव्हतं. १९७३ चं होझूफला झालं, लाखाच्या आसपास माणसं, येझी श्चाकेल आणि मेजर बरोबरीत, मग दोघांचा रन-ऑफ, म्हणजे निकालासाठी एक जादा शर्यत, त्यात मेजर पडला आणि श्चाकेल पोलंडचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन. (मेजरने शेवटचं टायटल १९७९ ला त्याच होझूफमध्ये जिंकलं, वयाच्या ३९ व्या वर्षी, हे मला नंतर कळलं तेव्हा अंगावर काटा आला.) त्यानंतर सदतीस वर्षं काही नाही. गोलोब १९९९ ला दुसरा आला, टायटल रिकार्डसनकडे गेलं. मग नुसती वाट बघणं. तो बाहेरची वाट धरायचा जिथे सैल माती साठलेली असते, सगळे आतून जवळचा रस्ता घेत असताना हा कुंपणाला लागून लांबचा रस्ता घेऊन पुढे यायचा, मला तर त्याच्या जुन्या शर्यती बघताना श्वास घेता येत नाही. २०१० ला जिंकला, तोही ३९ चा होता. आणि २०१७ ला मोटोक्रॉस चालवताना पडला, मणक्याला मार लागला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. स्पीडवेमध्ये इतकी वर्षं वाचला आणि सरावाच्या गाडीवर असं झालं. हे ज्या दिवशी मला कळलं तो शनिवार मी मधेच उठून बाहेर जाऊन उभी राहिले होते, काकू थालीपीठ घेऊन बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, बाजूला उभ्या राहिल्या.

बाकी नावं पण निघतातच. मार्क लोरम, जो २००० साली एकही ग्रां प्री न जिंकता वर्ल्ड चॅम्पियन झाला, कारण प्रत्येक वेळी मागून येऊन पॉईंट गोळा करत गेला. अमेरिकेचा ग्रेग हॅनकॉक, पहिलं टायटल १९९७ ला आणि चौथं २०१६ ला, वय ४६. ब्रूस पेनहॉल, १९८२ ला लॉस एंजेलिसला दुसऱ्यांदा जिंकून तिथल्या तिथे निवृत्ती जाहीर केली आणि टीव्ही मालिकेत काम करायला गेला, याच्यावर मत विचारू नका, गॅरेज दोन भागांत फुटतं.

येझडीवाल्यांना हा खेळ आपला का वाटतो ते पण लिहायला पाहिजे. चेक देशात दिविशोव्ह नावाच्या गावात एसो नावाची स्पीडवेची गाडी बनायची, एसो म्हणजे पत्त्यातला एक्का. १९६४ ला तो कारखाना जावामध्ये गेला आणि साठ-सत्तरच्या दशकात जगभरच्या ट्रॅकवर जावाची इंजिनं धावली. म्हैसूरला १९६१ पासून जी जावा बनायला लागली आणि पुढे येझडी झाली तिचं मूळ घराणं तेच. काकांनी गॅरेजमध्ये एका भिंतीवर जुन्या स्पीडवे जावाचं चित्र लावलंय आणि त्याच्या बरोबर खाली रोडकिंगचा उघडा क्रँक टांगलाय. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी तिथे नेऊन उभं करतात. एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक, इंजिनात साम्य काहीच नाही, पण आडनाव एकच, असं म्हणतात.

आता जे पटलं नाही ते. वेळ. मला आठ दिवस सांगितले होते, तेवीस दिवस लागले, आणि त्यात मी चार वेळा फेरी मारली. फोन उचलत नाहीत, हात तेलात असतात हे मान्य पण मुलाला तरी उचलायला सांगावं, मी हे तोंडावर बोलले, ते हो म्हणाले, बदल झालेला नाही. बसायला धड जागा नाही आणि बाईमाणसासाठी टॉयलेटची सोय समोरच्या युनिटमध्ये विचारून करावी लागते, रात्रीच्या वेळी ते युनिट बंद असतं, म्हणून शनिवारी आम्ही दोघी-तिघी जातो त्यांना मधेच गाडी काढून जावं लागतं. याचं काहीतरी करा असं यावेळी वर्गणीच्या डब्यात चिठ्ठी टाकलीय. रात्री शर्यत संपता संपता दीड वाजतो, रिक्षा मिळत नाही, शेवटची लोकल गेलेली असते, तेव्हा आपली गाडी असेल तरच या किंवा कुणाच्या मागे बसून जायचं आधी ठरवा.

पण गाडी? सात महिने झाले, एकदाही बंद पडलेली नाही. धूर नाही. मागच्या महिन्यात येऊरच्या चढावर डबलसीट घातली, तक्रार नाही. ऑईल तेवढंच आहे जेवढं भरलं होतं. पाचपैकी साडेचार देते, अर्धा कापला तो तेवीस दिवसांचा.

जायचं असेल तर दुपारी एक ते दोन जा, काका जेवायला बसलेले असतात तेव्हाच नीट बोलतात. गाडी चालवत न्या, टेम्पोत घालून नेली तर रागावतात, आवाज ऐकायचा असतो त्यांना. आणि शनिवारी येणार असाल तर स्वतःचं पेन आणा, लाल रिफिल संपलीय.